कौशीच्या पायाची मेंदी

“पायाला नको, शिस्टर,” कौशीची आई सगुणाबाई म्हणाली. “हाताला लावली तेवढी बास झाली. डाक्टर रागं भरतील.”

“मी आहे ना,” मी म्हणाले.

तिच्या हातातली वाटी मी घेतली. वाटीत पाट्यावर वाटलेली मेंदी होती, गडद हिरवी, काथ घातल्यामुळे कडेनं तांबूस झालेली. सगुणाबाईच्या भावजयीनं ती दुपारच्या एस.टी.नं पळसाच्या पानात बांधून पाठवली होती. दुसऱ्या दिवशी नागपंचमी होती. सात वर्षांची कौशी खाटेवर उताणी पडली होती. उजव्या पायाला मांडीच्या मध्यापासून बोटांच्या मुळापर्यंत त्याच दिवशी घातलेलं, अजून ओलसर असलेलं प्लास्टर, आणि त्यातून बाहेर डोकावणारी पाच बोटं. दोन्ही तळहातांवर हिरवा लगदा थापलेला, म्हणून हात खाटेच्या दोन कडांना पसरून ठेवलेले. दुपारपासून रडून तिचे डोळे सुजले होते, पण वाटी माझ्या हातात गेलेली बघून ती गप्प झाली.

“पाची बोटांना?” तिनं विचारलं.

“पाचीच्या पाची.”

“नखांना बी?”

“नखांना आधी.”

या गोष्टीला त्रेपन्न वर्षं झाली. गावाचं आणि दवाखान्याचं नाव लिहीत नाही. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. नर्सिंगचा कोर्स करून वर्ष झालं होतं, नोकरी अजून कायम व्हायची होती आणि तुळशीच्या लग्नानंतर माझं लग्न ठरलं होतं.

मुलांच्या वॉर्डात खाटांच्या तीन ओळी होत्या. खिडकीकडे रक्ताची मुलं, म्हणजे ज्यांना महिन्या-दीड महिन्यानं रक्त चढवायला आणत ती. मधे फिट येणारी आणि मेंदूज्वरातून उठलेली. भिंतीकडे हाडांची. वॉर्डाच्या मुख्य सिस्टर रणपिसे म्हणून होत्या, पन्नाशीच्या, सडसडीत, मोजकं बोलणाऱ्या. मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी मला तिन्ही ओळींतून फिरवलं आणि म्हणाल्या, “तुपे, मूल घाबरून खोटं बोलतं आणि आई काळजीनं जास्त बोलते. म्हणून आपण बघायचं. रक्ताच्या मुलाची पापणी खाली ओढून बघायची. फिटवाल्याची नजर बघायची. आणि प्लास्टरमधलं मूल रडायला लागलं की आधी त्याची बोटं बघायची, तोंड मागनं.”

नव्या प्लास्टरच्या मुलाच्या खाटेला एक कागद अडकवलेला असे. त्यावर तीन रकाने: रंग, ऊब, हालचाल. दर तासाला बोटाचं नख दाबायचं. दाबलं की पांढरं पडतं, सोडलं की गुलाबी परत आलं पाहिजे. बोटाला हात लावून बघायचा, ऊबदार पाहिजे. मग मुलाला बोटं हलवायला सांगायची. तिन्ही ठीक असली की रकान्यात ‘ठीक’ लिहून सही करायची. हात किंवा पाय आतून सुजला आणि प्लास्टर आवळलं, तर हे तीन रकाने सगळ्यात आधी बोलतात.

कौशी आदल्या दिवशी पडली होती. गावात पंचमीचा झोका बांधत होते. दोर नीट बांधला आहे की नाही हे मोठ्यांच्या आधी आपणच बघावं म्हणून ती झाडावर चढली आणि खाली आली. नडगीचं हाड मोडलं होतं. त्या दिवशी सकाळी अकराला डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. मी दोनला ड्युटीवर आले, तेव्हा ती रडत होती, पण पायासाठी नव्हे. “सगळ्या पोरी आज मेंदी लावत्यात,” एवढंच तिचं चाललं होतं.

मी तीनला तिची बोटं बघितली. गुलाबी, ऊबदार, हलत होती. थोडी सुजलेली वाटली, पण नव्या प्लास्टरला ती सूज येतेच.

मग मेंदी आली.

आमच्या घरी परसात मेंदीचं झाड होतं. आम्ही चौघी बहिणी. पंचमीच्या आदल्या दिवशी आई आमच्या हातापायांना मेंदी लावून जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधायची आणि रात्रभर कुणी उठायचं नाही असा दम द्यायची. सकाळी उठून आम्ही चौघी एकमेकींचे तळवे हुंगायचो, कुणाची जास्त रंगली ते बघायचो. नर्सिंगला गेल्यापासून चार वर्षांत मी मेंदीला हात लावला नव्हता. सगुणाबाईच्या वाटीचा वास आला आणि मला राहवलं नाही. कौशीला गप्प करायचं हे तर होतंच. पण खरं सांगायचं तर ते सगळं तिच्यासाठी नव्हतं.

मी उजव्या हाताच्या पहिल्या बोटानं मेंदी घेऊन एकेका बोटाला टोपी घालत गेले. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत.

“गार लागतंय,” कौशी म्हणाली.

“मेंदी गारच असते.”

“शिस्टर, तुमचं लगीन झालंय?” सगुणाबाईनं विचारलं. ती खाली बसून कौशीच्या डोक्यावरून हात फिरवत होती. त्या दिवशी तिला भावाचा उपवास होता. सकाळपासून तिच्या पोटात कपभर चहाशिवाय काही नव्हतं.

“ठरलंय. तुळशीचं लग्न झालं की.”

“मग तुमी बी लावा की. इथं येवढी उरलीया.”

“ड्युटीवर चालत नाही हो. आमच्या सिस्टर मला हाकलून देतील.”

“आन तिच्या पायाला लावलेली चालती व्हय?” ती हसली. तिचा एक दात पुढे होता आणि हसताना ती तो पदरानं झाकायची. “तुमी लई गुणाच्या. येवढं कोन करतंय सरकारी दवाखान्यात.”

चादरीला डाग पडू नयेत म्हणून मी पाची बोटांभोवती गॉजची पट्टी सैलसर गुंडाळली. चारच्या तिन्ही रकान्यांत ‘ठीक’ लिहिलं. तासापूर्वी तर बघितली होती.

पाचला कौशीनं हाक मारली. “मुंग्या येत्यात.”

“मेंदी वाळायला लागली की तसं होतं.”

“बोटं हलवू?”

“हलवू नकोस. मेंदी पडेल.”

तेव्हा मी हे किती सहज म्हणाले. पलीकडच्या ओळीत एका मुलाला रक्त चढत होतं. त्याला थंडी वाजून आली आणि मी तिकडे धावले. परत येऊन पाचचे तीन ‘ठीक’ लिहिले.

सहाला ती पुन्हा रडायला लागली होती. या वेळी मेंदीचं नाव नव्हतं.

“माझा पाय मोटा झालाय,” ती म्हणाली. “आत जागा न्हाई.”

सगुणाबाई उठून उभी राहिली. “शिस्टर, जरा बगता का? आसं कदी करत न्हाई ती. काल हाड मोडलं तवा बी येवढी रडली न्हवती.”

मी गॉज थोडी वर केली. मेंदी अर्धवट वाळली होती. एका बोटाला हात लावला. गार होतं. मेंदीच गार असते, मी मनाशी म्हटलं. नख दाबावं तर नखावर मेंदीचा थर. काढून बघावी असं एकदा मनात आलं. पण दोन तासांत काढली तर ती नुसती केशरी होते, लाल होत नाही; आणि कौशी ओल्या डोळ्यांनी माझ्याकडेच बघत होती.

“रंगली का?” तिनं रडता रडता विचारलं.

“सकाळी बघू. रात्रभर ठेवली की लाल होते.”

डॉक्टरांनी दुखलं तर द्यायला औषध लिहून ठेवलं होतं. ते मी साडेसहाला दिलं. आठपर्यंत ती कण्हत कण्हत झोपी गेली. सहा, सात, आठ. मी सगळे रकाने भरले. नऊला रात्रपाळीच्या निकमबाई आल्या तेव्हा त्यांना सांगितलं, “पाच नंबरची आत्ता कुठं झोपलीय. बोटांना मेंदी लावलीय, तेवढी सकाळपर्यंत उघडू नका. गार लागतील, ती मेंदीमुळे.”

“बरं बाई,” निकमबाई म्हणाल्या. त्यांना त्या रात्री एका फिटच्या मुलानं दम खाऊ दिला नाही, हे मला नंतर कळलं.

सकाळी सातला वॉर्डातून बोलावणं आलं. मी क्वार्टरमध्ये केस विंचरत होते. माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर केशरी झालं होतं. काल साबणानं दोनदा घासलं तरी गेलं नव्हतं.

कौशीच्या खाटेभोवती डॉक्टर, रणपिसे सिस्टर आणि निकमबाई उभ्या होत्या. कौशी जागी होती आणि अजिबात रडत नव्हती. मला बरं वाटलं, क्षणभरच. रणपिसे सिस्टर ओल्या कापसानं तिच्या बोटांवरची मेंदी काढत होत्या. नखं लाल निघाली. इतकी सुंदर रंगलेली मेंदी मी क्वचित बघितली आहे. नखांच्या मागची कातडी मात्र मेणासारखी पांढरी होती.

“हलव बाळ, बोटं हलव,” डॉक्टर म्हणाले.

कौशी बोटांकडे बघत राहिली. “हलवतीया की,” ती म्हणाली. बोटं जागची हलली नाहीत.

डॉक्टरांनी टाचणी काढून अंगठ्याला टोचली. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती, टाचणीकडे नव्हे.

“कातरी आणा. इथंच कापायचं.”

सगुणाबाई पुढे झाली. तिच्या गावात पंचमीला विळीसुद्धा आडवी करत नाहीत. काही चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही. प्लास्टर कापायची ती मोठी कातरी बघून तिचे ओठ हलले. मग ती म्हणाली, “कापा.” आणि कौशीचं डोकं तिनं आपल्या पोटाशी घट्ट धरलं.

प्लास्टर उभं चिरून दोन्ही बाजूंनी उघडलं तेव्हा आतला पाय खरंच मोठा झाला होता. पोटरी दगडासारखी टणक, चकाकणारी. त्या दिवशी दुपारी ऑपरेशन करून कातडीला आणि आतल्या पडद्याला चिरे दिले, दाब मोकळा केला. पाय वाचला. पोटरीतले स्नायू आणि नस वाचली नाही. पाऊल खाली लोंबायचं ते लोंबलंच. हे सगळं पुढच्या पंधरा दिवसांत कळत गेलं. पण त्या सकाळी डॉक्टरांना पहिल्या नजरेतच कळलं होतं. ते कागद हातात घेऊन वाचत होते. ठीक, ठीक, ठीक.

“हे कसं ठीक?” त्यांनी कागद रणपिसे सिस्टरांकडे दिला. “कालच संध्याकाळी प्लास्टर सोडवलं असतं तर काही झालं नसतं. नखं दिसत नव्हती, म्हणून कुणाला कळलं नाही. मेंदी कुणी लावली?”

निकमबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना मी ‘लावलीय’ एवढंच सांगितलं होतं, कुणी ते नव्हे. मी हात पाठीमागे घेतले. माझ्या तोंडात शब्द तयार होते, अजूनही आठवतात, ‘सर, मी.’ तेवढेच दोन.

“म्या लावली,” सगुणाबाई म्हणाली.

तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. पण त्या सकाळी त्यांचा आवाज वॉर्डाच्या पार टोकापर्यंत गेला. “अक्कल आहे का तुम्हाला? पोरीचा पाय मोडलाय आणि तुम्हाला सण सुचतोय. तुमच्या हौसेपायी पाय घालवलात पोरीचा.” दाराशी कौशीचा बाप भिकाजी उभा होता. रात्रीच्या मुक्कामाच्या गाडीनं तो सकाळी पोचला होता. पंचमीच्या लाह्यांची पिशवी त्याच्या हातात होती. त्यानं सगळं ऐकलं.

दुपारी रणपिसे सिस्टरांनी मला औषधांच्या खोलीत बोलावलं.

“तुझ्या बोटाला काय झालंय?”

“मेंदी, सिस्टर. मी हाताला लावली होती.”

त्यांनी माझा हात उलटा केला. तळहात कोरा होता.

“एकाच बोटाला?”

“हो.”

बराच वेळ त्यांनी माझा हात धरून ठेवला. मग सोडला. “बरं,” म्हणाल्या.

त्या दिवसापासून मी त्या वॉर्डात होते तोवर त्यांनी मला भिंतीकडची ओळ एकदाही दिली नाही. कारण कधी सांगितलं नाही. मी कधी विचारलं नाही.

कौशी दीड महिना वॉर्डात होती. मी खिडकीकडच्या ओळीत काम करायची आणि तिच्या खाटेवरून जाताना पाय उचलायची घाई करायची. सगुणाबाई मला नेहमीसारखी “शिस्टर” म्हणून हाक मारायची, चहा आणला तर विचारायची. मी म्हणायची, आत्ताच झाला. त्यांचा डिस्चार्ज झाला त्या दिवशी मी रजा काढली होती. लग्नाच्या साड्या बघायला गेले होते.

लग्नात माझ्या हातांना कोपरापर्यंत मेंदी होती. खूप रंगली. लोक म्हणाले, नवरा प्रेम करणारा आहे. ते खरं निघालं.

मार्चमध्ये, होळी होऊन आठ दिवस झाले होते. हाडांची ओपीडी मंगळवारी असायची. मी त्या महिन्यात ड्रेसिंगच्या खोलीत होते. पडदा बाजूला करून सगुणाबाई आत आली आणि तिच्या मागे कौशी. पायाला चामड्याचा पट्ट्याचा बूट. ती उजवा गुडघा उंच उचलून चालत होती, गुडघाभर पाण्यातून चालावं तशी, आणि बूट जमिनीवर आपटत होता.

“शिस्टर, तुमचं लगीन झालं न्हवं?” सगुणाबाई म्हणाली. “चांगलं झालं बगा.”

ती खूप वाळली होती. पदर तोंडावर न घेता हसली, म्हणून तो पुढचा दात आता नाही हे मला दिसलं.

“नखं कापायची व्हती तिची,” ती म्हणाली.

मला कळलं नाही. तिनं कौशीला स्टुलावर बसवलं आणि बूट काढला. पाऊल बारीक, जांभळट, गार. मी आता ऊब बघायला हात लावला होता, सवयीनं. पाची नखं वाढून बोटांच्या पुढे आली होती आणि प्रत्येक नखाच्या अगदी टोकाला एक लाल कोर उरली होती. तेवढीच. बाकी नखं स्वच्छ, नवी.

“तिची आजी म्हनती, नखातली मेंदी समदी गेली की पाय उठंल. म्हनून म्या वाढू दिली. आदीमदी कापली न्हाई. म्हटलं, तुमच्या हातानं लागली, तुमच्या हातानं जाऊ द्या.”

मी कातरी घेतली. कौशी वाकून बघत होती. “रंगली व्हती न्हवं?” ती म्हणाली. “समद्यांपेक्षा लाल.”

“हो,” मी म्हणाले. अंगठा, मग दुसरं बोट. लाल कोरी ट्रेमध्ये पडत गेल्या. त्यांचा आवाज आला नाही.

करंगळी झाली तेव्हा सगुणाबाई हळू म्हणाली, “शिस्टर, येक काम व्हतं.”

“बोला.”

“कौशीचा बाप भाईर हाय, लिंबाखाली. आज तो मला इथनं माह्यारच्या गाडीत बसवनार हाय. सासूनं सांगितलंय, जिनं हौसेपायी लेकराचा पाय घालवला ती घरात नको. गावात बी समदी तसंच म्हनत्यात. कुनाच्या घरी सवाशिनीला बोलवायचं झालं तर मला बोलवत न्हाईत. धाकटा लेक ते ठिवून घेनार, कौशी माझ्याबरूबर.” तिनं बूट पुन्हा कौशीच्या पायात चढवला. “त्याला यकदाच सांगा, मेंदी म्या लावली न्हवती म्हनून. माझं तो ऐकत न्हाई. दवाखान्याच्या माणसाचं ऐकंल.”

“तुम्ही त्या दिवशी स्वतःच का म्हणालात?” मी विचारलं. सहा-सात महिने मी हाच प्रश्न घेऊन फिरत होते.

तिला त्या प्रश्नाचं नवल वाटलं. “तुमाला काडून टाकलं असतं न्हवं? तुमचं लगीन ठरल्यालं. आन लेकरू तर तुमच्याच वार्डात ऱ्हायचं व्हतं. म्या म्हटलं, आपल्याला कोन काय करनार हाय. आपुन आईच.” मग म्हणाली, “आता तुमचं समदं झालं. आता काय व्हायचं ऱ्हायलंय तुमचं?”

“सांगते,” मी म्हणाले.

मी बाहेर गेले. मनापासून सांगायला गेले, हे मी आजही शपथेवर सांगेन. व्हरांड्यापासून लिंबापर्यंत वीस-पंचवीस पावलं होती. भिकाजी उकिडवा बसला होता. मला बघून उठला, टोपी नीट केली.

“तुम्ही कौशीचे वडील ना? मला तुम्हाला एक सांगायचंय. मेंदीनं काही झालं नाही. प्लास्टरमध्ये असं होतं कधी कधी.”

“मग डाक्टरनं समद्यांदेखत का म्हनलं?”

“ते रागात बोलले.”

त्यानं मान हलवली. तो रागीट माणूस नव्हता. थकलेला होता. “बाई, डाक्टर बोलला त्ये मी ऐकलंय. मेंदीनं झालं का न्हाई, त्ये मला अडान्याला कळत न्हाई. मला येवढंच इचारायचंय. हिनं लावली का न्हाई? घरी म्हनती म्या न्हाई लावली, शिस्टरनं लावली. आईम्होरं मी काय सांगू? कोन शिस्टर?”

ओपीडीच्या रांगेतली माणसं ऐकत होती. वरच्या पायरीवर दोन नव्या नर्सेस उभ्या होत्या. पुढच्या महिन्यात माझे नोकरी कायम झाल्याचे कागद यायचे होते. माझ्यामागे बूट आपटल्याचा आवाज आला; सगुणाबाई आणि कौशी व्हरांड्यात येऊन थांबल्या होत्या.

“मला नाही माहीत,” मी म्हणाले. “मी त्या दिवशी ड्युटीवर नव्हते.”

“व्हत्या की,” कौशी म्हणाली. “तुमीच लावली. ह्या बोटानं.” आणि तिनं आपलं उजव्या हाताचं पहिलं बोट वर करून दाखवलं.

“गप गं,” भिकाजी म्हणाला. “मोठ्या मान्सांत बोलू न्हाई.”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी कौशीच्या गालाला हात लावला आणि आम्ही नर्सेस हसतो तसं हसले.

“लहान आहे,” मी म्हणाले. “तिला काय आठवणार.”

सगुणाबाई खाली उतरली. तिनं मला काही म्हणावं, म्हणून मी उभी राहिले. तिनं कौशीच्या खांद्यावर हात ठेवला.

“चल कौशे. बाई इसरल्या आसतील. किती मान्सं येत्यात त्यांच्याकडं.”

दवाखान्याच्या फाटकासमोरच एस.टी.चा थांबा होता. मी ड्रेसिंगच्या खोलीच्या खिडकीतून बघत होते. पहिली गाडी आली, तीत भिकाजी एकटा चढला. दुसरी गाडी यायला अर्धा तास गेला. माझ्या हाताखाली एका मुलाच्या गुडघ्याचं ड्रेसिंग होतं, ते मी दोनदा सोडून पुन्हा बांधलं. गाडी आली. सगुणाबाईनं बोचकं आत टाकलं. कौशीनं डावा पाय पायरीवर ठेवला, उजवा गुडघा उंच उचलला, पण पाऊल खाली लोंबत राहिलं आणि बूट पायरीच्या कडेला अडकला. पुन्हा उचलला, पुन्हा अडकला. मग तिची आई खाली वाकली, ते पाऊल तिनं आपल्या हातानं उचललं आणि पायरीवर ठेवलं.

ट्रेमधली नखं संध्याकाळी कापसाबरोबर गेली.

पुढे मी चौतीस वर्षं नोकरी केली. किती प्लास्टरची बोटं दाबली याला गणती नाही. नव्या मुलींना मी शिकवायची, आधी बोटं बघा, तोंड मागनं. आणि त्या वहीत लिहून घ्यायच्या. निवृत्तीच्या दिवशी रणपिसे सिस्टरांचं पत्र आलं होतं. त्या तेव्हा ऐंशीच्या पुढे होत्या. शुभेच्छा आणि आशीर्वाद, आणखी काही नव्हतं. मोहरवाडीला, सगुणाबाईच्या माहेरी, मी तीन वेळा निघाले. एकदा तिकीटही काढलं. गेले नाही.

आता पंचमीच्या आदल्या दिवशी आमच्या इमारतीतल्या मुली मेंदीचे कोन घेऊन घरोघर फिरतात. माझ्याकडेही येतात. “आजी, हात द्या,” म्हणतात. मी देते. मेंदी गार लागते. थोड्या वेळानं मुंग्या आल्यासारखं होतं.

“आजी, बोटं हलवू नका हं,” त्या म्हणतात. “मेंदी पडेल.”

मी हलवत नाही.